शेण गावाचे, ऊर्जाही गावाचीच

ग्रामीण ऊर्जेच्या चर्चेत सामुदायिक गोबरगॅसचा विषय निघाला की एक वाक्य हमखास पुढे येते: ‘ते प्रयोग झाले आणि फसले.’ मग कारणे सांगितली जातात. खेड्यात एकी नाही. गुरे कमी झाली, शेण पुरत नाही. सौर पॅनेल स्वस्त झाले, खांबावरची वीज वाडीवस्तीवर गेली, उज्ज्वला योजनेने सिलिंडर दारात आणला. तेव्हा ज्याच्या गोठ्यात जनावरे आहेत त्याने परसात आपली टाकी बांधावी आणि उरलेले शेण, पाचट, पऱ्हाट्या कंपन्यांनी विकत न्याव्यात. असे म्हणणाऱ्यांत खेड्यांत वर्षानुवर्षे राबलेली माणसेही आहेत, त्यामुळे त्यांना नीट उत्तर देणे भाग आहे. माझे म्हणणे असे की, हे प्रयोग फसले तेव्हा त्यामागे अनेकदा एक साधी चूक होती: गावाने ऊर्जा कशासाठी वापरायची हे बाहेरच्यांनी ठरवले होते. जिथे ते गावाने ठरवले, तिथे हीच माणसे, हेच शेण आणि हीच टाकी कामाला आली.

कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या कुणिगल तालुक्यात पुरा नावाचे एक लहान गाव आहे. प्रयोगाच्या काळात वस्ती चार-पाचशेची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य कुमार रेड्डी यांनी १९७४ साली ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू केले होते. या केंद्राने पुरामध्ये पहिल्यांदा गोबरगॅस आणला तो स्वयंपाकासाठी. हेतू चांगला होता. बायकांच्या डोळ्यांतला धूर जाईल, सरपणाची पायपीट वाचेल. पण गावचे शेण गोळा करूनही साऱ्या घरांचा दोन वेळचा स्वयंपाक होईना, आणि अर्धवट गॅसवर कुणाचेच समाधान होईना. टीकाकार ही गोष्ट सांगतात ती इथपर्यंतच. पुढचा भाग असा की, रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग गावालाच विचारले. गाव म्हणाले, आम्हाला पाणी हवे. सरपण रानातून पैसे न मोजता मिळत होते, पिण्याचे स्वच्छ पाणी मिळत नव्हते.

तेव्हा तोच गॅस चुलीऐवजी इंजिनाकडे वळवला गेला. थोडे डिझेल आणि बाकी गोबरगॅस यांवर चालणारे पाच किलोवॅटचे जनित्र बसले. १९८७ साली कूपनलिकेचे पाणी नळांना आले, पाठोपाठ घरांत दिवे लागले. घरोघरीचे शेण टाकीपाशी येई, त्याचे वजन होई, नोंद होई. आणणाऱ्याला किलोमागे दोन पैसे मिळत आणि गॅस निघून गेल्यावर उरलेला गाळ ज्याच्या त्याच्या वाट्याने खत म्हणून परत जाई. यंत्र चालवायला गावातलीच पोरे शिकून तयार झाली. पाण्याचे आणि दिव्यांचे पैसे घराघरांतून वसूल होत. हे दहाएक वर्षे चालले. सुटीच्या दिवशी पाहुण्यांना दाखवायचा नमुना म्हणून ते उभे केलेले नव्हते, रोजची घागर त्यावर भरत होती.

आता शेण पुरत नाही या आक्षेपाचा हिशेब करू. पंचवीस किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. त्यातली उष्णता साडेचारशे ग्रॅम एलपीजीएवढी. एक जनावर दिवसाला दहा किलो शेण देते असे धरले, तर शंभर जनावरांच्या गावात रोज चाळीस घनमीटर गॅस तयार होईल, म्हणजे अठरा किलो एलपीजी, म्हणजे एक सिलिंडर आणि वर थोडे. ऐंशी घरांना महिन्याला एकेक सिलिंडर लागतो असे मानले, तर रोजची गरज अडीच सिलिंडरांच्या वर जाते. चूल हेच ध्येय धरले तर आक्षेप खरा ठरतो, निम्मे गाव उपाशी राहते. पण त्याच चाळीस घनमीटरमधून इंजिनावर पन्नास-साठ युनिट वीज निघू शकते. पाच अश्वशक्तीचा पंप तीन तास चालला तर अकरा-बारा युनिट जातात. उरलेल्यात गावचे दिवे आणि पिठाची गिरणी सहज भागतात. शेण कमी आहे की पुरेसे आहे, हे ते कोणत्या कामाला लावले यावर ठरते. पुराने हे तीन-साडेतीन दशकांपूर्वी दाखवून दिले आणि तरीही आपण आजवर शेणाचा हिशेब चुलीवरच मांडतो.

शिवाय गॅस फक्त शेणापासूनच होतो हेही खरे नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी मुद्दा मांडला तो फार मोलाचा आहे: शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून टाकलेले अन्न, त्यात जंतूंसाठी फारसे उरलेले नसते. खराब धान्य, शिळे अन्न, पेंड, सडकी फळे यांतला पिष्टमय भाग टाकीत घातला तर कितीतरी कमी मालात गॅस मिळतो. या छोट्या संयंत्रासाठी संस्थेला २००६ चा अॅशडेन पुरस्कार मिळाला, त्याआधी २००२ साली उसाच्या पाचटाच्या कोळशासाठी मिळाला होता. ज्या गावात आठवडी बाजार भरतो, शाळेत पोषण आहार शिजतो आणि मंगल कार्यालय आहे, त्या गावात कच्चा माल नाही असे म्हणणे मला पटत नाही.

पण सगळ्यात मोठा आक्षेप एकीचा आहे. सामाईक गोष्ट कुणाचीच नसते, जो तो फुकट खायला बघतो आणि शेवटी ती मोडते, असा हा सिद्धांत. रेड्डींनी पुराच्या अनुभवावरून त्याला दिलेले उत्तर मला आजही निर्विवाद वाटते. एका घराने शेण द्यायचे थांबवले तर त्याचा वाचतो तो थोडा त्रास आणि थोडे शेण. पण यंत्र थांबले तर त्या घराचे पाणी जाते, दिवा जातो. अंग काढून घेण्यातला फायदा लहान आणि तोटा मोठा असेल, तर माणूस आपल्याच हितासाठी सामाईक कामात टिकून राहतो. त्यासाठी संतांची वस्ती लागत नाही. व्यवस्था अशी बांधावी लागते की, सहभागाचा लाभ रोज हातात पडावा आणि कुचराईचा तोटा त्याच दिवशी कळावा.

आणि महाराष्ट्राने तरी एकीचा आक्षेप कोणत्या तोंडाने घ्यावा? धुळे-नाशिक भागात पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठी शेकडो वर्षे फड पद्धतीने पाणी वाटले गेले. बंधारा सामाईक, पाटाची साफसफाई सामाईक, पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, कोणत्या फडात कोणते पीक हेही मिळून ठरवलेले. आमच्या दूध सोसायट्यांत रोज सकाळ-संध्याकाळ दूध मोजले जाते, फॅट लागते, वहीत आकडा पडतो आणि दहा दिवसांनी पैसे होतात. दूध मोजणाऱ्या गावाला शेण मोजता येणार नाही? गुजरातमध्ये सिद्धपूरजवळच्या मेथाण गावाने १९८७ च्या सुमारास सहकारी संस्था काढून सामुदायिक गोबरगॅस उभारला आणि नळीने घरोघरी स्वयंपाकाचा गॅस दिला. पुरामध्ये जे जमले नाही ते इथे जमवले गेले, कारण हिशेब त्या गावचा होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ पासून आपल्या बांबूचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती घेतला. एकी शक्य असल्याचे पुरावे आपल्याच अंगणात पडले आहेत.

मग हे प्रकल्प थांबले का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. तुमकूर जिल्ह्यातच होसहळ्ळी या तीसेक घरांच्या वाडीत १९८८ साली लाकडाच्या वायूकरणावर वीज सुरू झाली. आधी पावणेचार किलोवॅटचे यंत्र, पुढे वीस किलोवॅटचे. जळण कुणाच्या रानातून ओरबाडले नाही, गावाच्या सामाईक जमिनीवर दोन हेक्टरचे ऊर्जावन लावले. दिवे, नळाचे पाणी, गिरणी, पुढे शेतीचे पाणी, सारे त्यावर चालले, आणि दशकाहून अधिक काळ चालले. तरीही पुरा आणि होसहळ्ळी दोन्ही आज त्या रूपात उरलेले नाहीत. माझ्या मते आपण या प्रकल्पांवर लादलेली स्पर्धा अन्याय्य होती. खांबावरच्या विजेला सरकार वर्षानुवर्षे सवलत देते, कृषिपंपांची थकबाकी माफ होते, पण गावाच्या यंत्राला पहिल्या दिवशी अनुदान मिळाले की पुढचे सुटे भाग, चालकाचा पगार आणि दुरुस्ती त्याने स्वतःच्या जिवावर करावी अशी अपेक्षा असते. एकाला आयुष्यभर आधार आणि दुसऱ्याला जन्माच्या वेळी एक अंगडे, अशा शर्यतीत दुसरा मागे पडला तर दोष त्याच्या रक्ताचा ठरत नाही.

सौर ऊर्जेशी माझे भांडण नाही. दिवे, पंखे, दिवसा चालणारे पंप यांसाठी सौर पॅनेलच घ्यावे, तिथे बायोमासने स्पर्धा करू नये. बिहारमध्ये तांदळाच्या तुसावर गावांना वीज देऊन सुरुवात केलेली हस्क पॉवर ही कंपनी पुढे सौर ऊर्जेकडे वळली, ते बाजाराच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे. पण खेड्याची गरज दिव्यापाशी संपत नाही. हळद शिजवायला, खवा आटवायला, काजू भाजायला उष्णता लागते. अंधार पडल्यावर, पावसाच्या झडीत, श्रावणातल्या ढगाळ आठवड्यात साठवलेली ऊर्जा लागते आणि बायोमास हा स्वतःच साठा असतो. आणि एक गोष्ट कोणतेही पॅनेल देणार नाही: खत. गोवरी जाळली की तिच्यातला नत्र धुरात जातो. तेच शेण टाकीत घातले तर गॅस निघतो आणि नत्र स्लरीत उरतो. रेड्डींनी १९७० च्या दशकातच हिशेब मांडला होता की, वर्षाला दोन लाख तीस हजार टन नत्र देणाऱ्या कोळशावरच्या एका खत कारखान्याचे काम सव्वीस हजारांवर गावटाक्या करू शकतील. कारखाना सुमारे एक हजार लोकांना काम देईल, टाक्या लाखाच्या वर. कारखाना वीज खाईल, टाक्या ऊर्जा देतील. युरियाच्या गोणीसाठी रांग लावणाऱ्या शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

‘ज्याची गुरे त्याची टाकी’ या मतावर माझा राग आहे तो वेगळ्या कारणाने. गावात एक बाई अशी असते जिच्याकडे ना शेत ना जनावर. गायरानात पडलेले शेण वेचून ती गोवऱ्या थापते, काही जाळते, काही विकते. घरोघरी खासगी टाक्या झाल्या की शेणाला किंमत येते आणि वेचायला काही उरत नाही. अनुदान चार जनावरांच्या मालकाला मिळते, तिच्या चुलीचे सरपण मात्र जाते. हा आक्षेप गोबरगॅसवर फार पूर्वीपासून घेतला गेला आहे आणि तो खरा आहे. पण त्याचे उत्तर सामुदायिक टाकीतच आहे. पुरामध्ये नळाचे पाणी जनावरे असलेल्या आणि नसलेल्या दोघांच्या घागरीत सारखेच पडत होते आणि शेण वाहून आणणाऱ्या हाताला पैसे मिळत होते. सामुदायिक या शब्दाचा अर्थ मी इथे शोधतो.

कंपन्यांच्या मोठ्या प्रकल्पांबद्दलही हेच म्हणेन. २०१८ साली केंद्राने ‘सतत’ योजना आणली, तेल कंपन्या दाबलेला बायोगॅस विकत घेऊ लागल्या. उपक्रम देशाच्या इंधनासाठी चांगला आहे. पण दहा गावांचे शेण आणि पाचट ट्रॉल्यांतून जाणार आणि स्लरी परत येण्याची हमी कुठल्याच करारात नसेल, तर गावाची जमीन दरवर्षी थोडी थोडी विकली जाईल. शेतातले सगळे पाचट उचलणेही चूकच, काही भाग जमिनीवर कुजलाच पाहिजे. पऱ्हाट्या आणि तुराट्या गॅसच्या टाकीत कुजत नाहीत, त्या वायुकरणाच्या भट्टीला द्याव्यात. कोणता माल कुठे जाईल हे ठरवण्याचा पहिला हक्क ग्रामसभेचा असावा.

त्याच २०१८ साली आलेल्या ‘गोबरधन’ योजनेत शेण आणि ओला कचरा यांपासून गॅस करण्यासाठी गावांना पैसे मिळू लागले. माझी मागणी नेमकी आहे. टाकी बांधायच्या आधी ग्रामसभेत, बायकांच्या उपस्थितीत, ऊर्जा कशाला हवी याचा ठराव व्हावा. यंत्र चालवणाऱ्या गावच्या दोन तरुणांचा पगार पहिली पाच वर्षे योजनेतून दिला जावा. शेण घेताना वजन, स्लरी देताना वजन आणि दोन्हींची वही ग्रामपंचायतीत कुणालाही उघडून पाहता यावी. ज्यांच्याकडे जनावर नाही त्यांना स्लरीचा ठरावीक वाटा, भाजीच्या परसबागेसाठी, विनामूल्य मिळावा. आणि या गावांना मिळणाऱ्या विजेच्या युनिटवर खांबावरच्या युनिटइतकीच सवलत लागू व्हावी.