क्रोन्स आजार: पथ्यही हवं, औषधही हवं

महिनोन्‌महिने जुलाब, पोटात कळा, घटत चाललेलं वजन. तपासणीनंतर 'क्रोन्स आजार' असं निदान होतं आणि घरात सल्ले सुरू होतात. 'गहू सोड, दूध सोड, गोळ्या किती दिवस घेणार?' आहार सांभाळायलाच हवा, पण औषध बंद करून नव्हे.

या आजारात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज येते. औषधं ही सूज आटोक्यात आणतात. आहार पोषणाची भर काढतो आणि त्रास कमी करतो.

बरं वाटलं तरी थांबू नका

जुलाब थांबले तरी आतली सूज राहू शकते. ती वाढत गेली, तर आतडं अरुंद होतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी किंवा कोलोनोस्कोपी पाहूनच डॉक्टर औषध कमी करतात. स्टिरॉइड तर अचानक कधीच बंद करू नका.

ताटात काय असावं?

• त्रास वाढलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, दुधी, अंडं असं पचायला हलकं अन्न थोडं थोडं घ्या.
• आतडं अरुंद झालं असेल, तर मका, खोबरं, कच्ची कोशिंबीर, साली आणि बिया टाळा.
• दुधाने पोट फुगत असेल तरच ते कमी करा. उगाच सगळं सोडलं, तर अशक्तपणा वाढतो.
• पाकिटबंद खाणं कमी करा. धूम्रपान पूर्ण सोडा, त्याने आजार बळावतो.

काही पदार्थ वगळून, सोबत पोषक द्रव आहार देणारी 'क्रोन्स डिसीज एक्सक्लूजन डाएट' ही पद्धत सौम्य ते मध्यम आजार असलेल्या प्रौढांमध्येही अभ्यासली गेली आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासाचे निष्कर्ष आशादायक होते, पण त्यात जेमतेम 40 रुग्ण होते. त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग नको.

डॉक्टरांना हे विचारा

• स्टिरॉइड चालू आहे, तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्यायचं का?
• मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक ॲसिड कधी घ्यायचं?
• माझं बी-12 आणि लोह तपासायला हवं का?
• आतड्याचा टीबी नाही, याची खात्री झाली आहे का? आपल्याकडे दोन्ही आजार सारखेच दिसतात.

रोज काय खाल्लं, काय त्रास झाला आणि कुठली गोळी चुकली, हे मोबाइलवर टिपून ठेवा. पुढच्या भेटीत तीच नोंद डॉक्टरांना दाखवा.