उन्हाळा आला म्हणून गाडीत जाड ऑइल? आधी डब्यावरचे आकडे वाचा!

तेलगाव (जि. बीड) : एप्रिल-मेमध्ये बीड जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. डबलसीट धारूर घाट चढताना दुचाकीचे इंजिन भट्टीसारखे तापते. मग हमखास सल्ला मिळतो, ‘ऊन वाढलंय, जाड ऑइल टाका.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण १०० सीसीच्या गाडीसाठी तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो.

आकडे काय सांगतात?
‘१०डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, ‘विंटर’ म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो. १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांवर, तर २०डब्ल्यूची उणे १५ अंशांवर होते. मराठवाड्यात अशी थंडी पडतच नाही. आपल्यासाठी महत्त्वाचा आहे दुसरा आकडा. १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते, हे तो दाखवतो. म्हणजे इंजिनचे तापणे त्यात आधीच धरलेले असते.

जाड ऑइलने काय बिघडते?
स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, पल्सरच्या अनेक मॉडेलना २०डब्ल्यू-५०, तर रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी क्लासिकला १५डब्ल्यू-५० ऑइल सांगितलेले असते. प्रत्येक इंजिनमधल्या फटी आणि ऑइल पंप यांचा मेळ त्या ग्रेडशी असतो. लहान इंजिनात जाड ऑइल टाकले तर सकाळी गाडी सुरू करताना ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोहोचते, इंजिन जड चालते आणि अ‍ॅव्हरेज घटते. मॅन्युअलमध्ये जास्त तापमानासाठी दुसरा ग्रेड दिला असेल, तर तो जरूर वापरावा. मात्र गाडी ऑइल खात असेल, तर आधी पिस्टन रिंग तपासावी. जाड ऑइल हा त्यावरचा इलाज नव्हे.

खरा धोका कोणता?
स्प्लेंडरसारख्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल असते. त्यातले पाव लिटर कमी झाले, तरी उरलेल्या ऑइलवर सगळा ताण येतो. ऑइलची पातळी पाहायला पैसे लागत नाहीत. पण इंजिन जाम झाले तर बोअर-पिस्टनचा खर्च येतो आणि कामावर जायची गाडीही गॅरेजमध्ये अडकते.

हे लक्षात ठेवा
• दर आठवड्याला गाडी मेन स्टँडवर लावून ऑइलची पातळी पाहा.
• मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला ऑइल बदला.
• गिअरच्या मोटारसायकलसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असल्याची खात्री करा. कारचे ऑइल टाकल्यास क्लच घसरू शकतो. ‘एमबी’ हे स्कूटरसाठी असते.
• सुटे ऑइल घेऊ नका. सीलबंद डबा समोर फोडून घ्या.

ऊन कमी करणे कुणाच्या हातात नाही. योग्य ग्रेड आणि पुरेशी पातळी राखणे मात्र प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात आहे.