शब्दांचे परवाने

महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याशी शिवथरची घळ आहे. पावसाळ्यात तिच्या तोंडाशी धबधबा असा कोसळतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. आत समर्थ रामदासस्वामी आणि कल्याणस्वामी यांच्या मूर्ती आहेत. समर्थ सांगत आहेत, कल्याण लिहून घेत आहेत. दासबोध येथे सिद्ध झाला असे परंपरा सांगते. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून काढली, आणि तेव्हापासून समर्थभक्तांची पावले येथे वळू लागली. अलीकडे धबधब्याची छायाचित्रे काढण्यासाठी येणाऱ्यांची गर्दीही वाढली आहे. त्या गर्दीतील फार थोडे लोक दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचून आलेले असतात. घळीतील ते दृश्य पाहून या समासाची आठवण होणे मात्र अगदी स्वाभाविक आहे, कारण त्याचे नावच लेखनक्रियानिरूपण आहे.

या समासात वेदान्त नाही. अक्षर गोल, सरळ आणि सुटे असावे, शाई काळीभोर असावी, पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे दिसावे, असे समर्थ सांगतात. तरुणपणी फार बारीक लिहू नये, कारण तेच म्हातारपणी वाचता येत नाही. पानाच्या चारही बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. संन्यासी माणसाने समासाच्या रुंदीचा विचार करावा याचे आज कोणाला आश्चर्य वाटेल. पण लिहिलेला शब्द पुढे कोणाच्या तरी हाती जाणार आहे, त्याच्या डोळ्यांची आणि काळाची चिंता लिहिणाऱ्याने वाहिली पाहिजे, ही जाणीव त्या साऱ्या सूचनांच्या मुळाशी आहे.

आज सांगणारा माणूसच आहे, लिहून घेणारा मात्र बदलला आहे. भ्रमणध्वनीसमोर बोलावे आणि पडद्यावर मराठी अक्षरे उमटावीत, ही सोय आता घरोघरी पोहोचली आहे. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी जिथे एकेकाळी दहा कंपन्यांचे दहा टंक होते आणि एकाचे लिखाण दुसऱ्याला वाचता येत नव्हते, तिथे युनिकोडने एकवाक्यता आणली. मराठीचे त्यातून भलेच झाले. संपूर्ण दासबोध आज खिशात मावतो. (जो ग्रंथ बांधून ठेवतो, स्वतः वाचत नाही आणि इतरांनाही वाचू देत नाही, त्याची गणना समर्थांनी मूर्खांत केली आहे. खिशातला ग्रंथ निदान दुसऱ्याला पाठवता तरी येतो, एवढाच दिलासा.)

अडचण आहे ती वेगळी. कल्याणस्वामी समजून लिहीत होते. यंत्राच्या पुढ्यात पूर्वी लिहिले गेलेले शब्द असतात, आणि त्यांत जो अधिक वेळा आलेला असतो तोच ते पुढे करते. तो शब्द रूढ कोणी केला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जाहिरातीने केला, वृत्तपत्राच्या पुरवणीने केला की शासनाच्या पत्रकाने केला, यंत्राला सारे सारखेच. म्हणून शब्द रूढ होत असतानाच सावध असावे लागते. महाराष्ट्राच्या डोळ्यांदेखत असा रुळलेला एक शब्द म्हणजे ‘वाईन’.

कोणत्याही तालुक्याच्या गावी दोन पाट्या दिसतात. एकीवर ‘देशी दारूचे दुकान’ असे लिहिलेले असते, दुसरीवर ‘वाईन शॉप’. दुसऱ्या दुकानात द्राक्षाची वाईन असलीच तर एखाद्या कोपऱ्यात असते. बाकीची फळी व्हिस्की, रम आणि बिअरने भरलेली असते. मजूर पितो ती दारू आणि पगारदार पितो ती वाईन, अशी ही वाटणी आहे. शासकीय भाषाही यात मागे नाही. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम मराठीत आणला, त्याला तो लिहिताना हसू कसे आले नाही, हे कोडेच आहे. आणि ही सारी दुकाने ज्या कायद्याखाली परवाने घेऊन चालतात, त्या १९४९ च्या कायद्याचे नाव आहे दारूबंदी अधिनियम!

२७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने शंभर चौरस मीटर व त्याहून मोठ्या किराणा-भुसार महादुकानांत, म्हणजे सुपरमार्केटमध्ये, वाईनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. टीका होताच सत्ताधारी पक्षांच्या नेत्यांनी वाईन म्हणजे दारू नव्हे असा खुलासा केला. वाहिन्यांवर सलग काही दिवस याच वाक्यावर चर्चा रंगली. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय प्रत्यक्षात उतरण्याआधीच जून २०२२ मध्ये सरकार बदलले. पण त्या चर्चेने शब्दाला जी प्रतिष्ठा दिली, ती सरकारबरोबर गेली नाही.

वाईन आणि इतर मद्य यांत भेद नाही असे कोणी म्हणणार नाही. संस्कृतात तर हा भेद बारकाईने केलेला आहे. गुळापासूनची गौडी, पिठापासूनची पैष्टी, द्राक्षापासूनचे मार्द्वीक अशी वेगवेगळी नावे आहेत. आयुर्वेदातील द्राक्षासव कित्येक घरांत चमच्याने मोजून घेतले जात होते. व्हिस्की गाळलेली असते, वाईन आंबवलेली असते. एकीत मद्यार्क बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, दुसरीत साधारण बारा ते चौदा. हे सारे खरे आहे. पण प्राचीनांनी मद्याचे प्रकार ओळखण्यासाठी नावे दिली, ते मद्य नव्हेच असे सांगण्यासाठी दिली नाहीत. द्राक्षातील साखरेचे किण्वाच्या क्रियेने जे बनते ते इथिल अल्कोहोलच, आणि व्हिस्कीत असते तेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात वाईनचा अपवाद केलेला नाही.

दुसरा पडदा शेतकऱ्याचा. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, विंचूरला उद्यान उभे राहिले, आणि द्राक्षनगरी नाशिकला वृत्तपत्रे ‘वाईन कॅपिटल’ म्हणू लागली. धोरण हेतूने वाईट नव्हते. परंतु नाशिक, सांगलीच्या बहुसंख्य बागायतदाराच्या मांडवावर खाण्याची द्राक्षे असतात. वाईनसाठी लागणारी शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लां ही वाणे निराळी, आणि ती लावणारे तुलनेने थोडे. २००८ नंतरच्या मंदीत वाईन कारखान्यांकडे माल पडून राहिला, तेव्हा यातील अनेकांनी उभ्या बागा उपटून टाकल्या. त्या वेळी त्यांचे अश्रू पुसायला कोणत्या पुरवणीचे रंगीत पान गेले? अवकाळी पावसाने घड तडकलेला बागायतदार पीकविमा मागतो, शीतगृह मागतो. त्याचे नाव मात्र किराणा दुकानातील बाटलीसाठी पुढे केले जाते.

प्रसारमाध्यमांचा यातील वाटा मोठा आहे. केबल दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार मद्याची जाहिरात करता येत नाही, म्हणून तीच नावे सोड्याच्या आणि पाण्याच्या बाटलीचा वेष घेऊन पडद्यावर येतात. वृत्तपत्राला तर वेषांतराचीही गरज भासत नाही. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन घ्यावी हे सदर ‘जीवनशैली’ या मथळ्याखाली येते, तर गावठी दारू पिऊन मेलेल्यांची बातमी गुन्हेगारीच्या पानावर.

शिवथरच्याच तालुक्यात रायगड आहे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. फारसीने व्यापलेल्या कारभाराला संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांचा असून त्यातील एक वर्ग खास लेखनाचा आहे. राज्य आपले असेल तर राज्याचे शब्दही आपले हवेत, ही त्यामागची दृष्टी. जानेवारी २०२२ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने सर्व दुकानांवर मराठी पाटीची सक्ती केली, आणि मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची वा गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत असेही त्यात घातले. निर्णय स्वागतार्हच होता. पण त्याचा परिणाम काय, तर ‘वाईन शॉप’ ही अक्षरे ठसठशीत देवनागरीत आली. अक्षर मराठी झाले. शब्द होता तिथेच राहिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या भाषेला अभिजात दर्जा मिळाला, तिच्या बाजारपेठेतील हे चित्र आहे.

ज्यांना कोशही ठाऊक नव्हता आणि युनिकोडही, अशा बायकांनी याच महाराष्ट्रात एक शब्द घडवला आहे. दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानात दोन चित्रे असतात, एक उभ्या बाटलीचे आणि एक आडव्या बाटलीचे. ‘आडवी बाटली’ म्हटले की गावात काय ठरते आहे हे शेंबड्या पोरालाही कळते. त्या शब्दात देशी-विदेशी, गाळलेली-आंबवलेली असा भेद नाही. मात्र नियम असा की, महिलांनी मागणी केलेली असेल तर झालेल्या मतांचे नव्हे, यादीतील एकूण महिला मतदारांचे बहुमत आडव्या बाटलीला मिळावे लागते. कोकणात तर मुंबईला, पुण्याला राहणाऱ्या कित्येकींची नावे अजून गावच्या यादीत असतात. त्या दिवशी ज्यांना एस.टी. मिळत नाही किंवा रजा मिळत नाही, त्यांची न पडलेली मते उभ्या बाटलीच्या खात्यावर जमा होतात.