वजन वाढले म्हणजे आजार संपला, हे ठरवले कोणी?

"खाण्याचे विकार? ते श्रीमंतांच्या पोरींचे चोचले. आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?" हा प्रश्न आम्हाला आपल्याच कार्यकर्त्यांकडून ऐकावा लागतो. म्हणून आज सरळ उत्तर देतो.

पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नई. या शहरांत बी.एस्सी., बी.फार्म. झालेली आपली पोरे-पोरी मेडिकल कोडिंग करतात. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलेली नोंद वाचायची आणि तिच्यातल्या प्रत्येक निदानाला ठरलेला कोड द्यायचा, हे त्यांचे काम. त्या कोडवर विमा कंपनी पैसे देते किंवा नाकारते. म्हणजे कोणाचा आजार कागदावर जिवंत राहील आणि कोणाचा संपेल, त्याची शेवटची कळ आपल्या पोरांच्या बोटाखाली आहे. संबंध नाही कसा?

आता मुद्द्यावर येऊ. अमेरिकेच्या कोडिंग यादीत १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत खाण्याच्या विकारांसाठी 'रेमिशन', म्हणजे लक्षणे ओसरलेली अवस्था, दाखवणारा कोडच नव्हता. आजारी असाल तरी तोच कोड, सावरत असाल तरी तोच. त्या दिवसापासून सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र आणि रेमिशन असे वेगळे कोड आले. अ‍ॅनोरेक्सियाच्या उपाशी राहण्याच्या प्रकारात रेमिशनला एफ५०.०१४, बुलिमियाला एफ५०.२५, बिंज ईटिंगला एफ५०.८१४. ही सुधारणा आहे, आम्ही ती नाकारत नाही.

पण या सुधारणेत एक खड्डा आहे. मानसोपचाराच्या डीएसएम-५ या ग्रंथात रेमिशन दोन प्रकारचे आहे. अ‍ॅनोरेक्सियात वजन सावरले आणि बराच काळ टिकले, पण जाड होण्याची भीती किंवा स्वतःच्या शरीराबद्दलची विकृत कल्पना तशीच राहिली, तर ते अंशतः रेमिशन. यातले काहीच उरले नाही, तर पूर्ण. नव्या कोडमध्ये मात्र दोन्ही एकाच आकड्यात कोंबले आहेत. जी पोरगी आजही प्रत्येक घासाला घाबरते ती, आणि जी खरोखर मोकळी झाली ती, कोडच्या लेखी सारख्याच. फरक राहतो तो फक्त डॉक्टरने लिहिलेल्या वाक्यात. ते वाक्यच नसेल तर? कोडरला अंदाज बांधायची परवानगी नाही. डॉक्टरने लिहिलेल्या निदानावरच कोड द्यावा लागतो. वजनाचा आकडा आहारतज्ज्ञाने नोंदवला तरी चालतो, पण निदान डॉक्टरचेच लागते.

दुसरा खड्डा 'हिस्टरी ऑफ' या दोन शब्दांचा. उपचार चालू असलेल्या रुग्णाबद्दल डॉक्टर घाईत 'हिस्टरी ऑफ अ‍ॅनोरेक्सिया' लिहून मोकळा होतो. कोडिंगच्या भाषेत त्याचा अर्थ आजार भूतकाळात गेला, आता उपचार नाहीत. दोन शब्दांनी चालू उपचाराचा आधारच कागदावरून पुसला जातो.

तिसरा खड्डा सर्वांत खोल, तो वजनाचा. अ‍ॅनोरेक्सियाची तीव्रता डीएसएम-५ मध्ये प्रामुख्याने बीएमआयवर मोजतात. १७ किंवा वर असेल तर सौम्य, १५ च्या खाली गेला तर अतितीव्र. पण तीच भीती, तीच उपासमार असूनही ज्याचे शरीर बारीक दिसत नाही, त्याचे काय? त्याला 'अटिपिकल' म्हणतात, आणि २०२४ च्या या यादीत त्याच्यासाठी रेमिशनचा वेगळा कोड नाही. ज्याचे आजारपण नीट मोजले नाही, त्याचे बरे होणेही मोजले जात नाही.

हे आपल्याला नवे आहे का? १९३२ साली लोथियन समितीसमोर काही प्रांतांतून अस्पृश्यांची संख्या नगण्य असल्याचे सांगितले जात होते. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यांनी स्वतंत्र टिपण देऊन संख्येचा प्रश्न लावून धरला. कारण जो नोंदीत नाही, तो हक्कात नाही. आपल्या वस्तीतली पोरगी जेवण टाकते, तेव्हा केसपेपरवर 'अशक्तपणा' किंवा 'अ‍ॅनिमिया' लिहून गोळ्या दिल्या जातात. गरिबाची भूक फक्त पोटाची असते, मनाची नसते, हे गृहीतच धरलेले असते. ते गृहीतक ब्राह्मणी आहे, आणि आपणही ते बाळगत असू तर ते आपल्यातही ब्राह्मणीच आहे.

कोणी म्हणेल, नोंद म्हणजे कायमचा शिक्का. शिक्क्याचा अर्थ आम्हाला कोणी शिकवू नये. म्हणूनच रेमिशनची नोंद नेमकी हवी. भारताचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ म्हणतो की पूर्वी घेतलेला उपचार एवढ्या एकाच कारणावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. हाच कायदा निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडीचा आधार घेतो. नव्या आयसीडी-११ मध्ये तर 'सामान्य वजनासह सावरत असलेला अ‍ॅनोरेक्सिया' असा स्वतंत्र प्रकारच आहे, ६बी८०.२. म्हणजे वजन आले तरी आजार संपला असे समजू नका, हे जगाने मान्य केले आहे. याच कायद्याच्या कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा मिळाला पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. डॉक्टरांनी प्रकार, तीव्रता, रेमिशन अंशतः की पूर्ण, कधीपासून आणि कशावरून, हे स्पष्ट लिहावे. कोडिंग कंपन्यांनी डॉक्टरला शंका विचारणाऱ्या कोडरचा वेळ त्याच्या टार्गेटमधून कापू नये. आरोग्यावर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीत फक्त वजन विचारू नये, जेवताना काय वाटते तेही विचारावे. आणि उपचार घेतलेल्या प्रत्येकाने कलम २५ वापरून आपली कागदपत्रे मागावीत आणि वाचावीत.

आपल्याबद्दल काय लिहिले आहे, ते वाचायचा हक्क आपण लढून मिळवला आहे. तो दवाखान्याच्या दारात ठेवून आत जाऊ नका.

जय भीम!