हातकागद कोणासाठी?

हातकागद म्हटला की हल्ली आपल्या डोळ्यांपुढे लग्नपत्रिका उभी राहते. जाड, खडबडीत, कडा विसविशीत, आणि पोटात कोठे फुलाची पाकळी तर कोठे गवताची काडी. पाहुण्यांनी ती हाती घेऊन वाहवा करावी आणि आठ दिवसांनी ती रद्दीत जावी. या कागदाला एवढेच काम उरले असेल, तर त्याचा धंदा बसला म्हणून कोणी फारसा शोक करावा असे मला वाटत नाही. परंतु त्याला एक निराळे काम आहे. ते दीर्घकाळ टिकण्याचे व टिकविण्याचे काम होय. आणि त्याचा संबंध आपल्या शाळेच्या दप्तराशी व आपणां सर्वांच्या घरच्या कपाटाशी येतो.

आपल्या महाराष्ट्रात जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही या धंद्याची नावाजलेली ठिकाणे होती. तेथील कागदी बहुतेक मुसलमान असत. जुनी तागाची गोणपाटे, दोरखंडे व जाळी यांचे तुकडे करून ते चुन्यात भिजत घालीत, ढेंकीखाली कुटीत, वाहत्या पाण्यात धूत आणि पुन्हा कुटीत. हा क्रम कित्येक दिवस चाले. मग कागदी हौदाच्या काठी बसे, लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची बारीक चटई पसरी, ती लगद्याच्या पाण्यात बुडवून आडवी उचली, आणि पाणी निथळले की चटईवर एक ताव उरे. ओले ताव दाबून पाणी काढीत, कुंच्याने भिंतीला चिकटवून वाळवीत, खळ लावीत, आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटीत. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नाही व शाई फुटत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे जे हजारो रुमाल आहेत, त्यांतील कागद पाहावेत. त्यांना दोनशे, अडीचशे वर्षे झाली. कसरीने पोखरलेले, पाण्याने डागळलेले पुष्कळ सापडतात. पण नुसत्या वयामुळे बोटांखाली चुरा व्हावा असे क्वचितच.

आता कोणत्याही जुन्या वाचनालयातील शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र हाती घ्या. ते तपकिरी पडलेले असते, घडी उलगडताच तुटते. वय निम्म्याहून कमी, पण अवस्था मरणोन्मुख! याचे कारण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. १७९९ साली फ्रान्सात निकोला-लुई रोबेर याने कागदाचे यंत्र काढले. १८०७ साली जर्मनीत इलिग याने राळ आणि तुरटी घालून कागदाची खळ करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. १८४४ च्या सुमारास केलर याने लाकूड घासून त्याचा लगदा करून दाखविला. तिन्ही युक्त्या उपयुक्त, तिन्ही स्वस्ताईच्या. परंतु तुरटीने कागदात आम्ल उत्पन्न होते व ते तंतूंचे तुकडे पाडते. आणि घासलेल्या लाकडातील लिग्निन हवेने व उजेडाने पिवळे पडते. त्यात लाकडाचा तंतू मुळातच आखूड. उलट, चुन्यात मुरलेल्या तागाच्या लगद्यात आम्लास विरोध करणारा क्षार थोडासा शिल्लक राहतो, आणि तंतूही लांब असतात.

यावरून मी यंत्राचा वैरी आहे असे कोणी समजू नये. यंत्राचा कागद नसता तर गरिबाच्या मुलाच्या हाती पाठ्यपुस्तक आले नसते. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशनने (अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर नव्हे), ज्याच्या छापखान्यातून १८०५ साली केरीसाहेबांचे मराठी व्याकरण बाहेर पडले, आपल्या कागदाच्या कारखान्यासाठी १८२० साली विलायतेहून वाफेचे यंत्र आणविले. कारण पुस्तके पुष्कळ छापावयाची होती. आजच्या गिरण्यांतून आम्लरहित, टिकाऊ कागदही निघतो. तेव्हा वादाचा मुद्दा हात की यंत्र हा नाहीच. कोणता मजकूर किती वर्षे राहावयास हवा, हे ठरवून मग कागद निवडावा, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि हा विचार आपण मुळी करीतच नाही.

जपानने तो केला आहे. तेथे कोझो नावाच्या, तुतीच्या जातीतील झाडाच्या सालीपासून कागद करतात. या सालीचा तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो; आपल्या वह्यांच्या कागदातील लाकडी तंतू पुष्कळदा एक मिलिमीटरच्या आसपास. हौदातील पाण्यात ते लोक आपल्या भेंडीच्या एका चुलतबहिणीच्या मुळांचा चिकट रस मिसळतात. त्यामुळे तंतू तळाशी बसत नाहीत, गुंतत नाहीत, आणि चौकट मागेपुढे हालवून अतिशय पातळ पण चिवट ताव काढता येतो. हे काम थंडीत उत्तम होते, म्हणजे बर्फासारख्या पाण्यात हात घालून! २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात सेकिशू-बांशी, होन-मिनोशी व होसोकावा-शी या तीन कागदांच्या कलेची नोंद केली.

या पातळ कागदाचे मोल जगाला कळले ते एका संकटात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी इटलीत आर्नो नदीचा पूर फ्लॉरेन्स शहरात शिरला, आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयातील असंख्य जुने ग्रंथ चिखलात बुडाले. नाना देशांतून माणसे धावली, आणि फाटलेली पाने सांधण्यासाठी जपानी कागद फार उपयोगी पडला. ती रीत आज सर्वत्र रूढ आहे. पातळ कागदाची पट्टी कात्रीने न कापता ओली रेघ ओढून फाडावयाची, म्हणजे कडेला तंतूंची झालर सुटते. आणि ती गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने चिकटवावयाची. सांधा नीट दिसत नाही, पण धरून ठेवतो. मुख्य गुण असा की, पुढे कोणास अधिक चांगला उपाय सापडला तर किंचित पाणी लावून हा सांधा मूळ कागदास अपाय न करता सोडविता येतो.

येथे पालकांस एक आग्रहाची विनंती करावीशी वाटते. शालान्त परीक्षेची गुणपत्रिका हाती पडली की दुसऱ्याच दिवशी ती लॅमिनेशनच्या दुकानात नेण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. आजोबांचे जुने खरेदीखत, बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, सर्वांची तीच गत. यामागील हेतू चांगला असतो, यात शंका नाही. परंतु उष्णतेने कागदात मुरलेले ते प्लास्टिक पुन्हा सुटत नाही; कागदातील आम्ल आतल्या आत आपले काम करीत राहते; आणि साक्षांकनाच्या वेळी असे दाखले पुष्कळदा नाकारले जातात. विसाव्या शतकाच्या मध्यास मोठमोठ्या अभिलेखागारांनीही सेल्युलोज ॲसिटेटच्या पापुद्र्यात कागद बसविले होते. तो पापुद्राच कालांतराने कुजतो व आम्ल सोडतो असे आढळून आल्यावर पुष्कळांनी तो मार्ग सोडला. मोठ्यांनी जे सोडले ते आपण कोपऱ्यावरच्या दुकानात दाम मोजून करून घेत आहो!

मग आपल्या इकडच्या हातकागदाचे काय झाले? विलायती व गिरणीच्या स्वस्त मालापुढे तो हटला. सरकारी तुरुंगांतून कैद्यांकडून करवून घेतलेल्या कागदानेही कागद्यांच्या पोटावर पाय आणला. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ स्थापन केला व वर्ध्यास मगनवाडीत कागदाचे प्रयोग चालले. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. तथापि माल कोणत्या कामासाठी घ्यावयाचा हे गिऱ्हाइकाने ठरविले नाही, म्हणून तो पुष्कळसा शोभेच्या वाटेला गेला. हेही सांगावयास हवे की, हाताने केला म्हणून कागद आपोआप टिकाऊ ठरत नाही. कचेरीतील रद्दी भिजवून केलेला ताव त्या रद्दीइतकाच आखूड तंतूचा असतो, आणि पाकळ्या घातलेला तर त्या पाकळ्यांभोवतीच डागळतो. सुती कापडाच्या नव्या कात्रणांचा, तुरटीवाचून खळ केलेला कागद मात्र खरोखर चिवट होतो. चित्रकार त्यावर पाणरंगाचे हात फिरवू शकतो व मुद्रकाच्या खिळ्याचा ठसा तो स्वच्छ घेतो. करणाऱ्याला त्याचा योग्य दाम मात्र दिला पाहिजे. दिवसभर पाण्यात हात घालणाऱ्याचा मुलगा त्याच दामासाठी त्या हौदाशी बसेल, ही अपेक्षा गैर आहे.

कोणी म्हणेल, आता सर्व काही संगणकात आहे. असू द्यावे, नक्कल असणे उत्तमच. परंतु जन्मतारखेचा किंवा जातीचा वाद पडला म्हणजे पन्नास वर्षांनीही माणूस शाळेच्या दारी येतो आणि मूळ जनरल रजिस्टर पाहू मागतो. त्या पानावरील एका ओळीवर कोणाची नोकरी, कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून असते. असे रजिस्टर बाजारातील सर्वांत स्वस्त कागदावर ठेवणे ही मला काटकसर वाटत नाही. प्रत्येक शाळेने निदान एवढे एक पुस्तक सुती हातकागदाचे बांधून घ्यावे, आणि घेण्यापूर्वी विक्रेत्यास तीन प्रश्न विचारावेत: लगदा कशाचा, खळ कशाची, तुरटी घातली आहे काय? एक रजिस्टर कितीतरी वर्षे पुरते; वाढीव खर्च वार्षिक संमेलनाच्या मांडवाच्या मानाने काहीच नाही.

घरच्या जुन्या कागदांपुरते सांगावयाचे तर, ते सपाट ठेवावेत, स्वच्छ सुती फडक्यात बांधून कोरड्या जागी ठेवावेत, आणि वरचेवर उघडून पाहावेत. चिकटपट्टी लावू नये. फाटले असतील तर जाणत्याच्या हाती द्यावेत. त्यांत गंजलेली टाचणी असेल तर ती मात्र आजच, हलक्या हाताने, काढून टाकावी.