स्नायूंची साक्ष

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोन डॉक्टरांचे छायाचित्र छापले. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची आणि वजनावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ‘मी काही जाड नाही, मला कसला मधुमेह’ असे म्हणत वर्षानुवर्षे तपासणी टाळणाऱ्या प्रत्येकाला हे छायाचित्र दाखवायला हवे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. राज्यांमध्ये गोवा सर्वांत पुढे; तिथे २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. यांतले सगळे काही स्थूल नाहीत. तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा भारतीय माणसाला हा आजार लवकर गाठतो, हे आता वादातीत आहे. तो का गाठतो, हा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही, आणि त्याच्या शोधात संशोधक स्नायूंपर्यंत पोहोचले आहेत.

त्याला कारण आहे. इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या साखरेचा सर्वांत मोठा वाटा मांड्या, पाठ, दंड यांचे स्नायू घेतात. स्नायूपेशीच्या आत ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिने थांबलेली असतात. इन्सुलिन पेशीच्या आवरणावरील ग्राहकाला चिकटले की आत प्रथिनांची एक साखळी कडी-कडीने जागी होते आणि अखेरीस ही वाहक प्रथिने पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. ही साखळी मंदावली की तेवढ्याच कामासाठी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन स्रवावे लागते. हाच इन्सुलिन-प्रतिरोध. या काळात रक्तातली साखर अनेक वर्षे नॉर्मल दिसत राहते, कारण तिची किंमत स्वादुपिंड मुकाट्याने मोजत असते.

आता जनुकांकडे येऊ. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. पण कोणते जनुक कुठे, केव्हा आणि किती काम करते हे अवयवानुसार, आहारानुसार, हालचालीनुसार बदलत राहते. याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात, आणि मांडीच्या स्नायूतून सुईने काढलेल्या लहानशा तुकड्यात ती मोजता येते. संशोधक वम्सी मूठा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्वीडनमधल्या पुरुषांचे स्नायू असे तपासले. मधुमेहींमध्ये ऊर्जानिर्मितीशी संबंधित अनेक जनुके एकाच वेळी थोडी थोडी मंदावलेली आढळली. त्यातून एक सुटसुटीत स्पष्टीकरण पुढे आले : स्नायूतली भट्टी मंद जळते, म्हणून चरबी तिथे साचते आणि इन्सुलिनचा संदेश अडवते. मग भारतीयांची भट्टी जन्मतःच मंद असणार, हा तर्क फार दूर नव्हता.

तो तपासला गेला, आणि टिकला नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. श्रीकुमारन नायर यांच्या गटाने मधुमेही भारतीय, मधुमेह नसलेले भारतीय आणि उत्तर युरोपीय वंशाचे निरोगी अमेरिकन यांची तुलना केली. प्रत्येक गटात १३ जण होते. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद भारतीयांचा कमी होता, हे अपेक्षितच. पण ऊर्जा तयार करण्याची त्यांच्या स्नायूंची क्षमता युरोपीयांपेक्षा जास्त निघाली, त्या कामाच्या जनुकांची अभिव्यक्तीही जास्त निघाली, आणि हे मधुमेह असलेल्या व नसलेल्या दोन्ही भारतीय गटांत दिसले. हा निष्कर्ष २००८ चा. दोन वर्षांनी ग्लासगोच्या संशोधकांनी ब्रिटनमध्ये राहणारे २० दक्षिण आशियाई आणि वय व बीएमआय जुळवलेले २० युरोपीय वंशाचे पुरुष तपासले. व्यायाम करताना दक्षिण आशियाई पुरुष चरबी कमी जाळत होते, त्यांचा दमसासही कमी होता. पण चरबीच्या चयापचयाशी संबंधित जनुकांची अभिव्यक्ती त्यांच्यात कमी नव्हती; त्यांतल्या काहींची तर जास्तच निघाली. कमतरता सापडली ती इन्सुलिनचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांत.

अभ्यास लहान आहेत आणि पाहणी परदेशात स्थायिक झालेल्यांची आहे, त्यामुळे यांवर कोणता मोठा इमला उभारू नये. तरी एवढे म्हणता येते की ‘भारतीय स्नायू मुळातच निकृष्ट’ या समजुतीला ते आधार देत नाहीत. शिवाय ‘दक्षिण आशियाई’ या एका शिक्क्याखाली पंजाबी शेतकरी, कोकणातला मच्छीमार, ढाक्याचा कामगार आणि तमिळ कारकून एकत्र कोंबले जातात. त्यांचा आहार, कष्ट, आईच्या पोटातले दिवस सगळेच निराळे. अशा गटाची सरासरी काढून तिला वंशाचा स्वभाव म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

आईच्या पोटातल्या दिवसांचा उल्लेख ओघात आला, पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच धागा, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीतला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुणे परिसरातल्या सहा गावांमधल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजन घटले होते ते मुख्यतः स्नायूंचे आणि पोटातल्या अवयवांचे. चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. काटकुळे दिसणारे बाळही चरबी राखून आणि स्नायू गमावून जन्माला येत होते. ज्या मातांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन-प्रतिरोध जास्त दिसला. साखर सामावून घेणारी जागाच जन्मापासून तोकडी असेल, तर पुढे बैठे काम आणि मुबलक अन्न मिळाल्यावर काय होणार, हे वेगळे सांगायला नको.

म्हणूनच ‘आमच्या रक्तातच आहे’ हे वाक्य घातक आहे. अनुवंशाचा वाटा आहेच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण अभिव्यक्ती बदलते, आणि स्नायूला साखर आत घ्यायला दर वेळी इन्सुलिनची वाटही पाहावी लागत नाही : आकुंचन पावणारा स्नायू ग्लुट-४ स्वतःच पृष्ठभागावर आणतो. जिना चढताना, ओझे उचलताना, उठाबशा काढताना तेच घडते. दक्षिण आशियाई प्रौढांना युरोपीयांइतका लाभ मिळवायला आठवड्याच्या १५० मिनिटांपेक्षा जास्त व्यायाम लागू शकतो, असे ग्लासगोच्याच संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. तेव्हा आपल्याकडच्या सल्ल्यात रोजच्या फेरफटक्याच्या जोडीला स्नायूंवर ताण देणारा व्यायाम आणि ताटात पुरेशी डाळ, दूध, अंडी हवीत.

धोरणाचे काय? भारतीयांसाठी बीएमआयची सावधगिरीची रेषा २५ नव्हे, २३ आहे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर. एक मोजपट्टी पुरते, तरीही किती दवाखान्यांत ती टेबलावर असते? सरकारी तपासणी मोहीम तिशीपासून सुरू होते, आणि आजार अनेकांना त्याआधीच गाठतो. किशोरवयीन मुलींच्या बाबतीत दिरंगाई अधिक महागात पडते, कारण मैदानावरून त्यांना सर्वांत आधी घरी बोलावले जाते आणि पुढच्या पिढीचे स्नायू त्यांच्याच पोटात घडतात.

ग्लासगोच्या अभ्यासात एकही स्त्री नव्हती. पुण्याच्या सहा गावांतली ती मुले आज तिशीच्या आसपास आहेत; बी-१२ च्या पूरक मात्रेचा प्रयोगही त्यांच्यापैकी अनेकांवर २०१२ पासून झाला. त्यांच्या जन्मापासूनच्या नोंदी हाताशी आहेत. भारतीय स्नायूंवरचे पुढचे संशोधन परदेशस्थ भारतीयांवर अवलंबून न राहता इथल्या अशा मुलींबरोबर, त्यांच्या संमतीने आणि इथल्या पैशाने व्हावे. केंद्राने आणि राज्याने त्यासाठी वेगळा निधी द्यावा, आणि तोही या मुलींपैकी बऱ्याच जणी आई होण्याच्या वयात आहेत तोवर.