सुटरवाली बाई आणि फाल्गुनराव

रामलीला मैदानावरचं दसरा प्रदर्शन उठायच्या बेतात असतं, सोयाबीनची पोती मोंढ्यात येऊ लागतात आणि आमची मुद्रितं अजून टेबलावरच असतात. हिंगोलीत बसून दिवाळी अंक काढणाऱ्याचं हे दरवर्षीचं रडगाणं. यंदा त्यात एका डॅनिश बाईची भर पडली. दिवसा मुद्रितं तपासायची आणि रात्री आईला ‘फोरब्रिडेल्सन’ वाचून दाखवायची, असे दोन महिने गेले.

वाचून दाखवायची म्हणजे अक्षरशः. २००७ सालची ही मालिका डॅनिश भाषेतली, खाली इंग्रजी ओळी पळतात, आणि आईला दोन्ही भाषा येत नाहीत. मग टीव्हीशेजारी बसून मी कोपनहेगनच्या पोलिसांना आमच्या बोलीत बोलतं करायचो. आधी इमानेइतबारे भाषांतर केलं. तिसऱ्या भागापर्यंत तिथला साहेब ‘जरा दमानं घ्या मॅडम’ म्हणू लागला होता. तपास करणारी सारा लुंड जवळजवळ सगळा वेळ एकाच विणीच्या स्वेटरवर. “हिला दुसरं सुटर नाही का रे?” आईनं विचारलं. त्या स्वेटरची पुढं ब्रिटनमध्ये फॅशन निघाली, हे सांगूनही तिचं समाधान झालं नाही. “आणि हे लोक सारखं ताक का मागतात?” डॅनिशमध्ये आभार मानताना ‘ताक’सारखाच उच्चार होतो, हा खुलासा मात्र तिला फार आवडला.

पहिल्या पर्वात खून एका मुलीचा, भाग वीस, आणि एका भागात तपासाचा एक दिवस. आपल्या वाहिन्यांवर तेवढ्या वेळात चार खून उलगडून पाचवा सुरू होतो. इथं कॅमेरा पुन्हा पुन्हा मुलीच्या घरी जातो. बाप घरसामान हलवण्याचा धंदा करणारा. मागं दोन लहान भाऊ. त्यांना जेवू घालायचं असतं, काहीतरी सांगायचं असतं. त्या प्रसंगांत आई भाषांतर मागत नसे. मीही गप्प राही.

असं तोंडी रूपांतर करताना गोविंद बल्लाळ देवल आठवत राहिले. त्यांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा झुंजारराव केला. ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव तर मूळचा फ्रेंच. मोलियरच्या प्रहसनातून इंग्रजीत आणि तिथून देवलांच्या हाती आलेला; पण बायकोवरचा त्याचा संशय इतका अस्सल मराठी की त्याचा पत्ता विचारावा असं कुणाला वाटलं नाही. पुलंनी गोगोलचा तोतया अधिकारी ‘अंमलदार’ करून आपल्याकडे आणला. युरोप आपल्याकडे असा धोतर-फेटा लेवून येत होता. आता तो स्वतःच्या स्वेटरमध्ये, स्वतःच्या भाषेत येतो. मला दुसरी तऱ्हा जास्त आवडते. पाहुण्याला आपले कपडे घालायला न लावता त्याच्याशी गप्पा मारता येतात. फक्त ओळी मराठीत हव्यात. हिंदी, तमिळ, तेलुगू मिळते. मराठीला बहुतेक वेळा अजून ओसरीवरच बसवलेलं.

विनोदाला तर ओळींचीही फारशी गरज पडत नाही. दूरदर्शनच्या जमान्यात जर्मन ‘दीदीज कॉमेडी शो’ बघून अँटेना धरलेला मुलगाही हसायचा. ‘येस मिनिस्टर’मधला सर हम्फ्री ज्याला कळला नाही, त्यानं तहसील कचेरीत सात-बाऱ्याची दुरुस्ती मागून पाहावी. आणि ‘बोर्गन’! डेन्मार्कच्या संसदेत जागा १७९, बहुमताला ९० हवेत. त्या जुळवाजुळवीतून एका मधल्या पक्षाची बाई पंतप्रधान होते आणि पर्व सरेपर्यंत तिचा संसार मोडतो. १४५ ची बेरीज रात्रीत होताना आणि मोडताना पाहिलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथं मंत्रिपदाच्या वाटाघाटी तपशिलात दाखवतात, एवढाच फरक. आपल्याकडे त्या हॉटेलात होतात.

नॉर्वेची एक रीत मात्र मत्सर वाटावा अशी. ईस्टरच्या सुटीत तिथं घरोघर रहस्यकथा वाचतात, टीव्हीवर गुन्ह्यांच्या मालिका बघतात, दुधाच्या खोक्यांवरसुद्धा रहस्यकथा छापतात. १९२३ मध्ये बर्गनची रेल्वे लुटल्याच्या एका कादंबरीची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आली आणि लोकांना ती बातमीच वाटली. त्यातून म्हणे ही प्रथा रुजली. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला. म्हणजे सणाला वाचण्याशी जोडण्यात आपण चौदा वर्षं पुढं. दुधाच्या पिशवीपर्यंत तेवढं पोचायचं राहिलं.

या अंकात म्हणून दोन रहस्यकथा मुद्दाम घेतल्या आहेत, आणि दोन्ही याच अंकात संपतात. अंक चार दिवस उशिरा हाती पडला, त्याचा दोष कुणी छापखान्याला देऊ नये. विसावा भाग संपला त्या रात्री, दुसरं पर्व दहाच भागांचं आहे, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मुद्रितांचा गठ्ठा आईसमोरच पडला होता. तिनं तो उचलून कपाटावर ठेवला आणि म्हणाली, “मग लाव की. सुटर तेच आहे का बघू.”